कागदावरचे नेपथ्य, कापडातले नेपथ्य

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकन नेपथ्यावरचे कोणतेही पुस्तक उघडा, थोडी पाने उलटताच तुम्ही २७ जानेवारी १९१५ या तारखेपाशी पोचता. त्या रात्री न्यू यॉर्कच्या वॉलॅक्स थिएटरात बर्नार्ड शॉच्या ‘अँड्रोक्लीज अँड द लायन’ या नाटकाआधी आनातोल फ्रान्सचे एक छोटे प्रहसन झाले, ‘द मॅन हू मॅरीड अ डम्ब वाइफ’. दिग्दर्शक होता इंग्लंडहून आलेला ग्रॅनव्हिल बार्कर. नेपथ्य आणि वेशभूषा दोन्ही रॉबर्ट एडमंड जोन्स या सत्तावीस वर्षांच्या तरुणाची. पॅरिसमधल्या एका जुन्या घराची दर्शनी बाजू, तीही करड्या, काळ्या आणि पांढऱ्या रंगांत, सरळ रेषांची, जवळजवळ सपाट. या अबोल भिंतीपुढे पात्रे मात्र झगझगीत रंगांच्या कपड्यांत वावरत होती. मुख्य नाटकापेक्षा या प्रहसनाचीच आठवण जास्त टिकली आणि पुढच्या इतिहासकारांनी तिथे रेघ मारली. रेघेच्या अलीकडे जुने, पलीकडे नवे.

ही रेघ खोटी नाही. या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने ती पाठ करायलाही हरकत नाही. मात्र ती कोणी मारली, हे सोबतच विचारून ठेवावे. ‘नवे रंगतंत्र’ या नावाने ओळखल्या गेलेल्या चळवळीतली माणसे हातात ब्रश धरत होती तशीच लेखणीही धरत होती. शेल्डन चेनीने १९१६ मध्ये डेट्रॉइटहून ‘थिएटर आर्ट्स मॅगझिन’ सुरू केले. समीक्षक केनेथ मॅगॉवन जोन्सचा मित्र. दोघांनी मिळून युरोपचा दौरा केला आणि १९२२ मध्ये ‘कॉन्टिनेंटल स्टेजक्राफ्ट’ हे पुस्तक काढले, लेख एकाचा आणि चित्रे दुसऱ्याची. थिएटर गिल्डचा नेपथ्यकार ली सायमनसन तर नेपथ्य करण्याइतकाच लिहिण्यात रमणारा. उलट, ज्यांना या मंडळींनी ‘जुने’ ठरवले त्या पडदे रंगवणाऱ्या कारागिरांनी, शिवणकाम करणाऱ्या बायकांनी, सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांनी फारसे काही लिहून ठेवले नाही. म्हणजे खटल्यातल्या एका पक्षानेच निकालपत्र लिहिले आहे. ते वाचनीय आहे आणि बऱ्याच अंशी बरोबरही आहे, पण दुसऱ्या पक्षाची कागदपत्रे अजून वाचायची आहेत. या क्षेत्रात अजून भरपूर काम शिल्लक आहे ते याच कारणाने. नव्या अभ्यासकाला यापेक्षा चांगली बातमी कोणती असणार?

आता रेघेच्या अलीकडे काय होते ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत नेपथ्य हा कारखान्यातला माल होता. शिकागोची सॉसमन अँड लँडिस, मिनियापोलिसची ट्विन सिटी सीनिक, न्यू यॉर्कची गेट्स अँड मोरेंज अशा मोठमोठ्या रंगशाळा एकाच छपराखाली अनेक नाटकांचे पडदे रंगवत. कोरडी रंगपूड सरसाच्या पाण्यात कालवून ती ताणलेल्या कापडावर चढवायची, हे तंत्र. जंगल, राजवाडा, गावातली गल्ली, श्रीमंताचा दिवाणखाना हे सगळे तयार मिळे. गावोगावच्या ‘ऑपेरा हाउस’ म्हणवणाऱ्या सभागृहांनी असे संच विकत घेऊन ठेवले होते आणि येणारी प्रत्येक कंपनी तेच वापरी. मराठी आणि पारशी नाटक मंडळ्यांचे रंगीत पडदे आणि विंगा ज्या युरोपीय पद्धतीतून आल्या तिचीच ही दुसरी शाखा. त्यामुळे मराठी वाचकाला हे जग परके वाटायचे कारण नाही.

या जगाला वळण दिले ते आगगाडीने. १८९६ मध्ये सहा नाट्यव्यावसायिकांनी ‘थिएट्रिकल सिंडिकेट’ नावाची युती केली आणि देशभरच्या नाट्यगृहांच्या तारखा आपल्या मुठीत घेतल्या. नंतर शूबर्ट बंधूंनी त्यांच्याशी टक्कर दिली. न्यू यॉर्कात नाटक उभे करायचे, तिथे नाव मिळवायचे आणि मग ते गाडीत घालून देशभर फिरवायचे, हा धंद्याचा रिवाज झाला. लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेल्या फ्लॅटची रुंदी पाच फूट नऊ इंचांच्या वर जाऊ द्यायची नाही, असा दंडक अमेरिकन रंगमंचावर पडला होता. मालडब्याच्या दारातून एवढाच फ्लॅट आत जातो, असे त्याचे कारण पिढ्यानपिढ्या शिकवले जाते. मला हा तपशील सौंदर्यशास्त्राच्या अनेक ग्रंथांपेक्षा मोलाचा वाटतो. भिंतीवर जोड कुठे येणार, दार कुठे बसणार, दिवाणखाना किती रुंद दिसणार, हे कलावंताच्या मनाइतकेच रेल्वेच्या डब्यानेही ठरवले होते.

या जुन्या व्यवस्थेतला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे निर्माता-दिग्दर्शक डेव्हिड बेलास्को. नव्या मंडळींनी त्याला इतके झोडपले की तो जणू केवळ खलनायक उरला. १९०९ च्या ‘द ईझिएस्ट वे’साठी त्याने भाड्याच्या खोल्यांच्या एका कळकट घरातली अख्खी खोली विकत घेतली. विटलेला वॉलपेपर, मोडके गॅसचे दिवे, झिजलेला गालिचा, सगळे उचलून रंगमंचावर आणले. ही हकिगत त्याने स्वतःच लिहिली आहे, तेव्हा जाहिरातीचा वाटा वजा करून वाचावी. १९१२ मध्ये ‘द गव्हर्नर्स लेडी’च्या शेवटच्या प्रवेशात त्याने चाइल्ड्स या न्यू यॉर्ककरांच्या रोजच्या ओळखीच्या उपाहारगृहाची हुबेहूब प्रतिकृती उभी केली. आता हा हट्ट हास्यास्पद वाटतो. पण याच बेलास्कोने १९०० मध्ये ‘मॅडम बटरफ्लाय’मध्ये एकही शब्द न उच्चारता सुमारे चौदा मिनिटे केवळ प्रकाश बदलत ठेवला होता. नवऱ्याची वाट पाहणारी नायिका, संध्याकाळ, रात्र, मग पहाट. प्रकाशाने नाटक पुढे नेता येते हे दाखवायला त्याला बर्लिनहून कोणी शिकवणी दिली नव्हती. त्याचा प्रकाशतज्ज्ञ लुई हार्टमन वर्षानुवर्षे दिव्यांवर प्रयोग करत होता. नव्यांनी बेलास्कोची उपाहारगृहे तेवढी लक्षात ठेवली आणि पहाट विसरले, असा माझा आक्षेप आहे.

तरीही युरोपातून वारे आले हे खरेच. स्वित्झर्लंडच्या अडॉल्फ आपियाने १८९९ मध्ये वाग्नरच्या संगीतनाटकांच्या निमित्ताने लिहिले की सपाट रंगवलेला पडदा आणि त्याच्यापुढे उभे असलेले माणसाचे घनाकार शरीर एकमेकांशी खोटे बोलतात. दोघांना जोडायचे तर पायऱ्या, चौथरे आणि हलता प्रकाश हवा. इंग्लंडच्या गॉर्डन क्रेगने तेच अधिक उद्दामपणे आणि अधिक मोहक चित्रांतून मांडले. जानेवारी १९१२ मध्ये बर्लिनचा दिग्दर्शक माक्स राइनहार्ट याचे ‘सुमुरून’ हे नाटक न्यू यॉर्कात आले. अर्न्स्ट स्टर्नने केलेले त्याचे नेपथ्य पाहिल्यावर पुस्तकातल्या गोष्टी प्रत्यक्ष उभ्या राहू शकतात हे तिथल्या तरुणांना कळले. सॅम ह्यूम या तरुण अमेरिकन नेपथ्यकाराने १९१४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला या नव्या युरोपीय नेपथ्याचे प्रदर्शन भरवले. जोन्स स्वतः १९१० ला हार्वर्डचा पदवीधर झाला, पुढे युरोपात गेला, राइनहार्टच्या बर्लिनमधल्या नाट्यगृहात वावरला आणि महायुद्ध पेटल्यावर परतला.

या यादीत एक नाव हमखास मागे राहते ते जोसेफ अर्बनचे, आणि मी त्याच्यापाशी जरा थांबणार आहे. व्हिएन्नात १८७२ साली जन्मलेला हा वास्तुविशारद बॉस्टन ऑपेरासाठी अमेरिकेत आला. येताना त्याने व्हिएन्नाचे रंगकर्मी आणि त्यांची कार्यपद्धतीही आणली. अमेरिकन रंगशाळांत कापड उभ्या चौकटीवर ताणून रंगवत. अर्बनची माणसे ते जमिनीवर अंथरत आणि लांब दांड्याचे ब्रश घेऊन त्यावरून चालत रंगवत. रंग सलग फासण्याऐवजी ठिपक्या-ठिपक्यांनी उडवायचा, निळ्यावर जांभळा, त्यावर हिरवा, मधूनच चंदेरी. मग निळा दिवा टाकला की एक ठिपके उजळतात, तांबूस टाकला की दुसरे, आणि एकच पडदा संध्याकाळचा रात्रीकडे सरकतो. हे सांगायला सोपे, पण यात रंगारी आणि प्रकाशवाला दोघांनाही आधीपासून एका बैठकीत बसावे लागते.

बॉस्टनची कंपनी १९१४ मध्ये बुडाली. अर्बनने न्यू यॉर्कात ‘द गार्डन ऑफ पॅरडाइज’ केले, तेही पडले. पण पडलेल्या नाटकाचे नेपथ्य पाहून निर्माता फ्लॉरेन्झ झिगफेल्डने त्याला १९१५ च्या ‘फॉलीज’साठी उचलले. तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे नाचगाण्यांच्या त्या झगमगत्या रिव्ह्यूंचे नेपथ्य अर्बनचे होते. १९१७ पासून तो मेट्रोपॉलिटन ऑपेरासाठीही काम करू लागला. १९२७ मध्ये त्याने झिगफेल्डचे नवे नाट्यगृह बांधले आणि त्याच वर्षी तिथे ‘शो बोट’चे नेपथ्य केले. नव्या तंत्राचा प्रसार छोट्या बुद्धिवादी नाट्यगृहांतून झाला असे आपण वाचतो. पण तो मुलींच्या रांगा पाहायला आलेल्या प्रेक्षकांसमोरही झाला, आणि कदाचित तिथेच अधिक. गंभीर नाटकाच्या इतिहासकारांना हे सोयीचे नसल्यामुळे अर्बनला बरेच दिवस अर्धवट जागा मिळाली.

छोट्या नाट्यगृहांचे महत्त्व मी नाकारत नाही. तिथे पैसा नव्हता म्हणून डोके चालवावे लागे. प्रॉव्हिन्सटाउन प्लेयर्स या हौशी मंडळीने न्यू यॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवरच्या अरुंद जागेत १९२० मध्ये युजीन ओनीलचे ‘द एम्परर जोन्स’ केले. संस्थेचा चालक जॉर्ज क्रॅम कुकने हट्टाने रंगमंचाच्या मागे प्लास्टरचा कायमचा घुमट बांधवला. संस्थेची गंगाजळी त्यात जवळजवळ संपली, शिवाय आधीच तोकड्या असलेल्या रंगमंचाचा मौल्यवान भाग घुमटाने खाल्ला. पण त्या खडबडीत वक्र पृष्ठभागावर पडलेला प्रकाश विखुरला जाई आणि डोळ्याला त्यामागची भिंत सापडेना. क्लिऑन थ्रॉकमॉर्टनने या घुमटासमोर जंगल उभे केले आणि चार्ल्स गिल्पिन हा कृष्णवर्णीय नट त्यातून पळत राहिला. नाटक तिथून ब्रॉडवेवर गेले.

जोन्सची कारकीर्द मात्र सरळ चढत जाणारी नाही, आणि म्हणूनच ती अभ्यासायला चांगली आहे. १९२१ मध्ये आर्थर हॉपकिन्सच्या दिग्दर्शनाखाली लायनल बॅरीमोरच्या ‘मॅकबेथ’साठी त्याने तिरक्या, कलत्या कमानी उभारल्या आणि चेटकिणींच्या प्रवेशांवर प्रचंड मुखवटे टांगले. समीक्षकांनी टर उडवली, नाटक लवकरच उतरले. पुढच्याच वर्षी, त्याच हॉपकिन्सबरोबर, जॉन बॅरीमोरच्या ‘हॅम्लेट’ला त्याने एक भव्य कमान आणि रुंद पायऱ्या एवढेच दिले. त्याचे १०१ प्रयोग झाले. पाठ्यपुस्तकांत दोन्ही नाटकांची चित्रे शेजारी शेजारी छापतात आणि चित्रांत ‘मॅकबेथ’च अधिक धाडसी वाटते. चित्रात ते आहेच. पण रंगमंचावर त्या कमानींच्या मध्ये एका नटाला उभे राहून बोलायचे होते.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. या क्षेत्राचा इतिहास बराचसा कागदावरच्या रेखाटनांवरून लिहिला गेला आहे. न्यू यॉर्कच्या बुर्ज्वा गॅलरीत १९१९ मध्ये अमेरिकन नेपथ्यकारांची चित्रे टांगली गेली, जोन्सने १९२५ मध्ये आपल्या रेखाटनांचे पुस्तक काढले, आधुनिक कला संग्रहालयाने १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाट्यकला प्रदर्शन भरवले. चौकटीत बसणारे आणि भिंतीवर टांगता येणारे तेच टिकले. गंमत अशी की १९३४ चे प्रदर्शन ज्याने उभे केले त्या सायमनसननेच या चित्रपूजेवर सगळ्यात कठोर टीका केली आहे. ‘द स्टेज इज सेट’ या १९३२ च्या पुस्तकात त्याने क्रेगच्या चित्रांतल्या उंच भिंतींची खिल्ली उडवली, कारण तेवढ्या उंचीच्या भिंती मावतील असा रंगमंच कुठेच नाही. त्याच्या मते खरे काम मोजमापांच्या आराखड्यांत असते. सायमनसन भांडकुदळ होता, क्रेगवर त्याने अन्यायही केला असेल. पण अभ्यासकाने त्याचे हे म्हणणे टेबलासमोर चिकटवून ठेवावे.

छायाचित्रे तरी साक्षीला येतील असे वाटते. येतात, पण त्यांची उलटतपासणी करावी लागते. बायरन, व्हाइट स्टुडिओ यांसारख्या व्यावसायिकांनी काढलेली नाटकांची हजारो छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. ती बहुतेक प्रयोग चालू असताना काढलेली नाहीत. नटांना उभे करून आणि छायाचित्रकाराचा प्रकाश टाकून काढलेली आहेत. म्हणजे ज्या प्रकाशात प्रेक्षकांनी दृश्य पाहिले तो प्रकाश त्यांत नाही. रंगाचे तर आणखी अवघड. त्या काळच्या बऱ्याच काचा आणि फिल्मा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल काळा दिसे, निळा पांढुरका. छायाचित्रात सुतकी वाटणारा झगा प्रत्यक्षात भडक लाल असू शकतो. वर ‘डम्ब वाइफ’च्या झगझगीत कपड्यांविषयी मी जे लिहिले ते छायाचित्रांवरून कळत नाही. ते रेखाटनांवरून आणि पाहणाऱ्यांच्या लेखनावरून कळते.

कपड्यांपाशी आलोच आहोत तर आता तिथेच राहू. नेपथ्याच्या तुलनेत वेशभूषेवर फार कमी लिहिले गेले आहे. कारण उघड आहे: कपडे कोणी ठरवले हेच अनेकदा सापडत नाही. शतकाच्या आरंभी ऐतिहासिक किंवा अद्भुत नाटकाचे कपडे भाड्याने येत. न्यू यॉर्कची ईव्हज कॉस्च्यूम कंपनी १८६३ पासून हाच धंदा करत होती आणि डेझियन्सकडे रंगमंचाला लागणारे कापड, झालरी, चमकी मिळत. समकालीन जीवनावरच्या नाटकांचे कपडे मात्र नट्या स्वतःच्या खर्चाने आणत. नायिकेला चार अंकांत चार गाऊन हवे असतील तर ती तिची अडचण. जी परवडवू शके तिला भूमिका मिळे, हे त्याचे सरळ टोक. कोरसमधल्या मुलींना बूट-मोजेसुद्धा पदरचे घालावे लागत.

ऑगस्ट १९१९ मध्ये अ‍ॅक्टर्स इक्विटी या संघटनेने संप पुकारला. महिनाभर न्यू यॉर्कची नाट्यगृहे एकामागून एक बंद पडली. बिनपगारी तालमींबरोबर कपड्यांचा खर्च हीही एक जुनी तक्रार होती. संपानंतर कपडे निर्मात्याने द्यायचे ही पद्धत रुळत गेली. याचा वेशभूषेच्या कलेशी काय संबंध, असे कोणी विचारेल. जोवर नटी आपले कपडे आपण आणते तोवर रंगमंचावर एकसंध रंगयोजना अशक्य आहे, कारण सोफ्याच्या रंगाशी जुळत नाही म्हणून तिचा स्वतःच्या पैशांचा गाऊन काढायला सांगायचे कोणी? पैसे निर्मात्याचे झाल्यावरच डिझायनरला त्यावर हक्क सांगता येतो. ज्या ‘एका दृष्टीने बांधलेल्या प्रयोगा’बद्दल चेनी आणि मॅगॉवन पानेच्या पाने लिहीत होते, त्याची आर्थिक बाजू कोरसमधल्या मुलींनी रस्त्यावर उतरून उभी केली. माझ्या मते १९१५ इतकीच जाड रेघ १९१९ लाही मारायला हवी.

याआधी कपड्यांना कोणी स्वतंत्र कर्ता नव्हताच असेही नाही. कॅरोलिन सीडलने ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘बेब्ज इन टॉयलँड’ या १९०३ च्या दोन्ही गाजलेल्या संगीतिकांचे कपडे केले. कार्यक्रमपत्रिकेत वेशभूषाकार म्हणून नियमित नाव येणाऱ्या पहिल्या काही अमेरिकन व्यावसायिकांत तिची गणना होते. १९०७ मध्ये ती वारली आणि पुढे बराच काळ विस्मृतीत गेली. नंतर आली लंडनची लेडी डफ गॉर्डन. ‘लुसील’ या नावाने तिची पोशाखांची पेढी होती आणि १९१० मध्ये तिने न्यू यॉर्कात शाखा काढली. तिने ‘फॉलीज’साठी कपडे केले आणि तिच्या दुकानातल्या उंच मॉडेल मुली थेट झिगफेल्डच्या रंगमंचावर येऊन नुसत्या चालू लागल्या. नाटक कुठे संपते आणि दुकान कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये, हाच त्यातला धंदा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला १९२१ चे ‘शफल अलाँग’. कृष्णवर्णीय लेखक, संगीतकार आणि नटांनी उभी केलेली ही संगीतिका निघाली तेव्हा हातात पैसे नव्हते. पडलेल्या दुसऱ्या नाटकांचे वापरलेले कपडे मिळाले तेच घातले आणि कपड्यांना शोभेल असे गाणे मागाहून रचले. आधी संहिता, मग कल्पना, मग कपडा हा पाठ्यपुस्तकातला क्रम इथे उलटा चालला आणि नाटक तुफान चालले. अशा प्रयोगांना ‘डिझाइन’च्या इतिहासात बसवायचे कसे, हा प्रश्न अजून कोणी समाधानकारक सोडवलेला मला दिसत नाही.

आणि अ‍ॅलीन बर्नस्टाइन. न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला, स्थलांतरितांच्या गजबजलेल्या वस्तीत, अ‍ॅलिस आणि आयरीन ल्युइसन या बहिणींनी १९१५ मध्ये नेबरहुड प्लेहाउस बांधले. तिथे बर्नस्टाइन आधी शिवत होती, रंगवत होती, मग नेपथ्य आणि वेशभूषा दोन्ही करू लागली. १९२५ चे ‘द डिबुक’ हे तिचे गाजलेले काम. १९२६ मध्ये नेपथ्यकारांच्या युनियनने तिला सभासद करून घेतले. तिथे प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री, आणि शपथविधीत तिलाही ‘बंधू’ म्हणूनच संबोधले गेले अशी आठवण सांगतात. तिच्या हाताखाली उमेदवारी केलेली आयरीन शॅरफ पुढे ब्रॉडवे आणि हॉलिवुडची मोठी वेशभूषाकार झाली. आयरीन ल्युइसन आणि बर्नस्टाइन यांच्या खटपटीतून १९३७ मध्ये पोशाखकलेचे एक संग्रहालय उभे राहिले. तेच १९४६ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सामील झाले आणि आज तिथला कॉस्च्यूम इन्स्टिट्यूट म्हणून ओळखले जाते. दरवर्षी मे महिन्यात ज्या मेळाव्यातल्या तारे-तारकांचे फोटो आपल्या मोबाइलवर येतात, त्याच्या मुळाशी लोअर ईस्ट साइडच्या छोट्या नाट्यगृहाचा कपडेपट आहे.

बर्नस्टाइनकडे मराठी वाचकाने खास वळावे असे आणखी एक कारण आहे. डिसेंबर १९२४ मध्ये नेबरहुड प्लेहाउसने ‘द लिटल क्ले कार्ट’ रंगमंचावर आणले. हे शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’, आर्थर रायडरच्या इंग्रजी अनुवादात. देवलांच्या संगीत नाटकामुळे वसंतसेना आणि चारुदत्त आपल्या घरचे. तेच न्यू यॉर्कच्या स्थलांतरित वस्तीत कोणत्या वस्त्रांत उभे राहिले असतील? अमेरिकन रंगमंचाने त्याआधी रंगवलेला हिंदुस्थान फारसा भरवशाचा नव्हता. १९०६ मध्ये रूथ सेंट डेनिसने ‘राधा’ हे नृत्य केले. त्यामागची स्फूर्ती एका सिगारेटच्या जाहिरातीवरची इजिप्तची देवी आणि कोनी आयलंडच्या करमणूक बागेतला हिंदुस्थानी देखावा, अशी मिश्र होती. तिथून ‘मृच्छकटिका’पर्यंत अठरा वर्षांत पोशाखाबद्दलची समज बदलली का, की फक्त अभिरुची सुधारली? संस्कृत नाटकाची परंपरा, मराठी संगीत रंगभूमीचा अनुभव आणि अमेरिकन दप्तरे या तिन्हींत वावरू शकेल अशा अभ्यासकासाठी हा विषय मोकळा पडला आहे.

प्रकाशाबद्दल मी वर तुटक तुटक लिहिले. त्याला स्वतंत्र ग्रंथ लागेल, तेव्हा इथे एवढेच: टंगस्टन तारेचे आणि पुढे वायू भरलेले प्रखर दिवे आल्यावर छोट्या स्पॉटलाइटने हवा तिथेच उजेड टाकता येऊ लागला आणि पायाखालच्या फुटलाइटची सक्ती संपली. येल विद्यापीठात १९२५ मध्ये नाट्यविभाग निघाला. तिथे डॉनल्ड ओएन्स्लागर नेपथ्य शिकवू लागला आणि स्टॅन्ली मॅकँडलेसने प्रकाशयोजनेला १९३२ मध्ये पहिली शिस्तशीर पद्धत लिहून दिली. कारागिराच्या हाताखाली शिकायची विद्या वर्गात शिरली. त्यात काय मिळाले आणि काय गळाले, याचा हिशेब वेगळा.

दप्तरे कुठे आहेत? अर्बनची चित्रे आणि आराखडे कोलंबिया विद्यापीठात, नॉर्मन बेल गेडीसची टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये, शूबर्ट बंधूंच्या धंद्याची कागदपत्रे न्यू यॉर्कच्या लायसियम थिएटरात, आणि बाकी बरेच काही लिंकन सेंटरच्या सार्वजनिक ग्रंथालयात. बेल गेडीसचे नाव इथे ओघात आले, पण १९२४ मध्ये ‘द मिरॅकल’साठी अख्ख्या सेंच्युरी थिएटरचे कॅथीड्रल करून टाकणारा आणि १९३९ च्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्ससाठी भविष्यातल्या शहराचा देखावा उभारणारा हा माणूस वेगळ्या प्रस्तावनेचा धनी आहे. यांपैकी पुष्कळ चित्रे आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात. पाहताना वर सांगितलेली शंका जागी ठेवावी.

पण खरे पडदे, सरसात कालवलेल्या रंगाचे, हाताला लागणारे? ते ब्रॉडवेवर जवळजवळ कुठेच नाहीत. प्रयोग संपला की कापड धुऊन पुन्हा रंगवत, नाहीतर जाळत. ते सापडतात अनपेक्षित ठिकाणी. फ्रीमेसन पंथाच्या स्कॉटिश राइट मंदिरांत दीक्षाविधीसाठी पूर्ण रंगमंच असे. सॅन्टा फेच्या १९१२ च्या मंदिरात सॉसमन अँड लँडिसने रंगवलेले पडदे आजही दोरांना टांगलेले आहेत. विधी बदलला नाही म्हणून नेपथ्य बदलले नाही. व्हरमाँट राज्यात गावांच्या सभागृहांत, चर्चच्या तळघरांत, गुंडाळ्या करून माळ्यावर टाकलेले दीडशेहून अधिक रंगीत पडदे सापडले. आता त्यांची साफसफाई आणि डागडुजी झाली आहे. त्यांवर तळी आहेत, व्हेनिस आहे, रथांच्या शर्यती आहेत आणि कडेने गावातल्या वाण्याच्या आणि औषधवाल्याच्या जाहिराती.

शेवटी एक प्रयोग सांगायचा राहिला, कारण तो कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही. ७ जून १९१३ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये न्यू जर्सीतल्या पॅटर्सनच्या रेशीम गिरण्यांतले हजारावर संपकरी कामगार स्वतःचाच संप स्वतः करून दाखवायला उभे राहिले. पत्रकार जॉन रीडने ते बसवले होते, मागे चित्रकार जॉन स्लोनने रंगवलेला गिरणीचा अवाढव्य पडदा होता आणि प्रेक्षागृहाच्या मधोमध वाट ठेवली होती, जिच्यातून मोर्चा प्रेक्षकांमधून रंगमंचावर चढला. त्याची जाहिरात आणि मांडणी करणाऱ्यांत रॉबर्ट एडमंड जोन्स होता, ‘डम्ब वाइफ’च्या दीड वर्ष आधी. कामगारांनी अंगावरचे रोजचेच कपडे घातले होते. वेशभूषेच्या सूचीत या प्रयोगाची नोंद करायची झाली तर कर्त्याच्या रकान्यात काय लिहायचे, यावर विद्यार्थ्यांबरोबर वाद घालायला मला अजून आवडते.